ओसंडाला बांध

माडवलीच्या दवाखान्यात आता वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि ओसंड तपासत. पहिल्या दोन्हींचं कुणाला काही वाटत नसे. ओसंडाचा आकडा मात्र माणसं शेजाऱ्यांपासून लपवून ठेवत. कौस्तुभ सावेने तो लपवला नाही. त्याचा आकडा गावात सगळ्यांत जास्त निघाला, तर त्याने घरी येऊन बायकोला तो पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा सांगितला.

"अगं, त्यांचं यंत्रच बिघडलंय," तो म्हणाला. "झाकण उघडून बघू देत नव्हते. यातच काय ते समज."

केतकी हसली नाही. गावच्या शाळेत ती तिसरीचा वर्ग घेई आणि त्या आठवड्यात तिच्या वर्गातली पाच बाकं रिकामी होती.

समुद्र वर चढल्यापासून माडवली हे भरतीच्या वेळी पाण्याच्या पातळीखाली जाणारं गाव झालं होतं. एक लांबलचक भिंत, तिच्यात सात लोखंडी दारं आणि आत शिरलेलं पाणी बाहेर टाकणारे पंप, एवढ्यावर गाव तगून होतं. ही दारं आणि पंप कौस्तुभच्या हाती होते. माणूस कामात वाघ. पंप कुरकुरला की सगळ्यांनी एक निदान करावं, याने दुसरंच सांगावं आणि झाकण उघडल्यावर याचंच खरं निघावं, असं वीस वर्षं चाललं होतं. उधाणाच्या दिवशी तो जेवत नसे. भरती किती येणार याचा अंदाज सागरकेंद्र पाठवी, पण तो वाचून बाजूला ठेवायचा आणि भिंतीवर जाऊन केंद्राच्या भरतीमापकाचं झाकण स्वतः उघडायचा. अंदाज धाब्यावर बसवून त्याने दोनदा दारं लावली होती. एकदा गाव वाचलं. एकदा काहीच झालं नाही, बोटी दिवसभर बाहेर अडकल्या आणि कोळ्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन्ही वेळा त्याला वरून नोटीस आली.

अशा माणसाने आपल्या दारापंपांपुरतं शहाणपण ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्या साली खाडीताप आला. खाऱ्या डबक्यांत वाढणाऱ्या डासांमुळे तो पसरे आणि पोरांच्या मेंदूत चढे. त्यावर लस होती. आधी एक टोचायची आणि मग दरवर्षी एक. आईबाप दोघांची संमती असल्याशिवाय ती टोचत नसत, आणि कौस्तुभ संमती देईना.

त्याने गावाच्या नळांचा नकाशा पसरला होता. तापाच्या प्रत्येक घरावर लाल ठिपका दिला होता.

"हे बघ. सगळे ठिपके जुन्या लायनीवर. पाइपातल्या क्षारांचा हा ताप आहे. डास कसले घेऊन बसलेत!"

"अरे, लाइन सोडून गावात घरच कुठे आहे?" केतकी म्हणाली.

तो क्षणभर थांबला. तिला वाटलं, पटलं. पण त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली आणि तो म्हणाला, "ते वेगळं."

त्याने घरच्या नळाला स्वतःच्या हाताने गाळणी बसवली आणि दहा वर्षांची रेवा आता सुरक्षित आहे असं जाहीर केलं. गाळणी उत्तम होती, पाणी खरंच गोड लागे. डास मात्र त्यांच्याकडे पाणी प्यायला येत नव्हता.

शेजारच्या म्हात्र्यांचा ध्रुव तापातून उठला तेव्हा त्याला आईचं नाव आठवेना. त्या संध्याकाळी केतकीने रेवाचे कपडे पिशवीत भरले.

"एक तर उद्या माझ्याबरोबर डॉक्टर तळपद्यांकडे चल," ती म्हणाली, "नाहीतर मी रेवाला घेऊन आईकडे जाते. मला तुझी हुशारी आता सोसत नाही, कौस्तुभ. मला भीती वाटते तिची."

डॉक्टर आश्लेषा तळपदे मेंदूच्या डॉक्टर होत्या आणि ओसंडावरचा इलाज त्यांनीच गावात आणला होता. बोलणं मोकळं आणि जरा भरभर.

"मी अडाणी आहे असं यंत्र म्हणतंय का?" कौस्तुभने बसता बसताच विचारलं.

"उलट. अडाण्याचा ओसंड एवढा मोठा होऊच शकत नाही. तो यायला हातात कसब लागतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मला सांगा, तहान लागते तेव्हा विचार करून लागते का?"

"नाही."

"खात्रीचंही तसंच आहे. आपल्याला वाटतं की आपण आधी विचार करतो आणि मग खात्री पटते. पण खात्री ही तहानेसारखी एक जाणीव आहे. मेंदूत तिची जागा वेगळी, विचाराची जागा वेगळी. आता तुमचा पंप बंद पडतो. लोक म्हणतात मोटार गेली, तुम्ही म्हणता झडप अडकली. उघडून बघता, तर झडपच. त्या क्षणी ती खात्रीची जागा उजळते. वीस वर्षं ती रोज उजळतेय, तालमीतल्या पैलवानासारखी तयार झालीय. आता तिच्यासमोर तापाचा नकाशा धरा. ती तिथेही तशीच उजळते. तापाबद्दल तिला काही कळतं म्हणून नव्हे, तर उजळायची सवय म्हणून. काठोकाठ भरलेली विहीर ओसंडते ना, तसं. आपल्या शेतातली खात्री दुसऱ्याच्या शेतात जाते. म्हणून नाव ओसंड."

"पण माझं चुकत असेल तर मला कळेल की."

"पंपाच्या बाबतीत कळेल. चुकलात तर पाणी घरात शिरतं. तापाला झाकण नसतं, सावे. तिथली चूक कळेपर्यंत दहा वर्षं जातात. किंवा एखादं मूल."

केतकीला ध्रुव आठवला. तिने कौस्तुभकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"म्हणजे तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी कायम बरोबर?"

"छे! कायम कोण असतं? पण हजार जणांनी एकमेकांच्या चुका काढून जे खाली उरतं, ते एकट्याच्या खात्रीपेक्षा बहुतेक वेळा बरं असतं. एवढंच आमचं म्हणणं."

इलाजाचं नाव बांध. डोक्याला चुंबकाची टोपी लावायची आणि महिनाभर रोज थोडा वेळ खात्रीच्या वाटा अडवायच्या. ज्याचं जे क्षेत्र असेल त्यातल्या वाटा मोकळ्या ठेवायच्या, बाहेर जाणाऱ्या तेवढ्या बंद करायच्या. मग माणूस आपल्या शेतात पूर्वीसारखाच निःशंक राहतो आणि दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकताना मालकाला विचारतो.

"शेत कुठे संपतं ते कोण ठरवणार?" कौस्तुभने विचारलं.

"आपणच, आत्ता. तुमचं काम सांगा. दारं?"

"हो."

"पंप, झडपा?"

"हो. आणि भरतीचा अंदाज."

"तो सागरकेंद्राचा विषय ना?"

"त्यांच्या मापकाचं झाकण मीच उघडतो."

"तुमच्या नेमणुकीत बसतं ते?"

"कसलं बसतंय! त्यावरूनच तर नोटिसा आल्या."

"मग ते बाहेर," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. "दार म्हणजे शेवटी दारच हो. अंदाज आला की लावायचं, नाहीतर उघडं ठेवायचं."

कौस्तुभने मिश्किलपणे केतकीकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमचीही खात्री थोडी ओसंडतेय बरं का."

तिघेही हसले. केतकी सगळ्यांत जास्त हसली, कारण प्रकरण मार्गी लागतंय असं तिला दिसत होतं. त्याने होकार दिला तो काही पटलं म्हणून नाही. ती पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती म्हणून. हे तिला ठाऊक होतं आणि तेव्हा त्याची जराही लाज वाटली नाही.

महिन्याने रेवाला लस टोचली. सुई बघून ती रडायला लागली तेव्हा कौस्तुभनेच तिचा हात धरला. "डॉक्टरांना कळतं बाळा," तो म्हणाला. केतकीला भरून आलं. पुढच्या श्रावणात तापाने पुन्हा उचल खाल्ली, गावातली आणखी मुलं गेली, पण त्यांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो आला नाही. रोज रात्री झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावून ती डॉक्टर तळपद्यांना मनातल्या मनात दुवा देई.

घरही शांत झालं. पूर्वी बातम्या लागल्या की कौस्तुभ पडद्यावरच्या माणसाशी भांडायचा. आता तो मान डोलवी. तिच्या भावाने घरासाठी कुठली बॅटरी घ्यावी हे सांगितलं तेव्हा वाद न घालता त्याने तीच घेतली. चपलेच्या दुकानदाराने नंबर बरोबर आहे म्हटलं, म्हणून आठवडाभर तो टाच चोळत फिरला. "अरे, चावतेय तर बदलून आण ना," केतकी म्हणाली. "त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना कळत असेल," तो म्हणाला. तिला हसू आलं. मग थोडं विचित्रही वाटलं, पण एवढ्या सुखात तेवढं काय घेऊन बसायचं, म्हणून तिने ते मनाआड केलं.

भाद्रपदातल्या अमावास्येला उधाण होतं. शाळेला सुट्टी होती. भर दुपारी कौस्तुभ घरी आला आणि हातपाय धुऊन पाटावर बसला.

"आज जेवायला?" केतकीने विचारलं. "दारं लावलीस?"

"नाही. अंदाज साधाच आहे. बोटी आत यायच्यात, उघडी ठेवलीत."

"माप बघितलंस ना?"

"केंद्राने बघितलं असेल की. त्यांचं काम आहे ते." त्याने आमटी भुरकली. "मघाशी भिंतीवर उभा होतो तेव्हा पायाला काहीतरी लागत होतं. भिंत नेहमीपेक्षा जास्त थरथरतेय असं. पण पाय म्हणजे काही भरतीमापक नव्हे." तो हसला. "थोडा भात वाढ गं."

तिने वाढला. वीस वर्षांत उधाणाच्या दिवशी नवऱ्याला पहिल्यांदाच पोटभर जेवताना ती पाहत होती. तिला आनंद झाला. बिचारा माणूस एकदाचा सुखाने घास खातोय, असं तिला वाटलं आणि तिने त्याच्या भातावर तूप घातलं.

पाणी आलं तेव्हा तो ताक पीत होता. भोंगा वाजताच धावत गेला आणि सातही दारं त्याने बिनचूक लावली. ते त्याचं शेत होतं, तिथे त्याचा हात चुकला नाही. पण तोवर खालच्या आळीत छपरांपर्यंत पाणी चढलं होतं. माणसं गेली. त्यांत केतकीच्या वर्गातली दोन मुलं होती. दोघांनाही लस टोचलेली होती.

भरतीमापकाच्या नळीत शिंपले चिकटून ती बुजली होती, त्यामुळे अंदाज खोटा आला होता. झाकण उघडलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. पण ते उघडणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. चौकशी झाली आणि कौस्तुभ सावेने सर्व काही नियमाप्रमाणे केलं असा निर्वाळा मिळाला. नोटीस आली नाही.

पंधरवड्याने डॉक्टर तळपदे घरी आल्या. चहा घेतला नाही. चेहरा उतरलेला होता.

"सावे, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या शेताची हद्द चुकीची आखली. मला वाटलं तुमचं काम म्हणजे दारं. तुमचं खरं काम होतं कुणाच्याही सांगण्यावर न विसंबता झाकण उघडून बघणं, आणि ते कुठल्याच एका शेतात मावत नाही. तुमचं कसब आणि तुमचा ओसंड ही एकच गोष्ट होती. मी त्या दिवशी ठाम होते ना, तोच माझा ओसंड होता. तुम्ही सांगितलंत आणि मी हसले."

"तुम्ही म्हणता तर असेल तसं," कौस्तुभ म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग केतकीकडे वळल्या. "बांध फोडता येतो. पण अर्धा फोडता येत नाही, सगळाच जातो. तो पूर्वीचा होईल. अगदी पूर्वीचा."

"आणि रेवाची पुढची लस?"

"दोन महिन्यांनी आहे. तुम्हा दोघांची संमती लागेल."

केतकीने खिडकीतून बाहेर पाहिलं. गावाला तो माणूस परत हवा होता. भिंतीवर उपाशी उभा राहणारा, जगात कुणावरही विश्वास न ठेवणारा. आणि त्याच माणसाच्या भीतीने तिने पिशवी भरली होती. बाहेर अंगणात रेवा ध्रुवला हात धरून पायऱ्या चढायला शिकवत होती.

"तू सांग," ती कौस्तुभला म्हणाली. "तुझं डोकं आहे. फोडायचा की ठेवायचा?"

"हा डॉक्टरांचा विषय आहे," तो म्हणाला. "त्या सांगतील तसं करू."

"मी नाही सांगू शकत!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "मी एकदा सांगून बसलेय, सावे."

केतकी उठली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं. त्याने चिडावं, आदळआपट करावी, निदान एकदा म्हणावं की तुम्ही दोघींनी मिळून माझं काय केलंत, असं तिला मनापासून वाटत होतं.

"कौस्तुभ, तुझ्या दारांतून पाणी शिरलं. माझी दोन पोरं गेली. आम्ही तुझ्या डोक्यात हात घातला म्हणून गेली. तुला राग नाही येत आमचा?"

त्याने खरोखर विचार केला. बराच वेळ केला. मग त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "यायला हवा का?"