चौथा सायलेन्सर

नवऱ्याच्या मोटारसायकलचा सायलेन्सर निवडायला बायकोनं जावं, यात अमेरिकेतल्या स्टर्जिस गावात कुणाला नवल वाटत नसे. गाडी तो चालवणार, पण संध्याकाळी स्वयंपाकघरात कान लावून बसणार ती. मार्लिसचं तर ठाम मत होतं: आवाज मोठाच हवा. तिचा धाकटा भाऊ लायल कंपनीच्या मूळ, मुळमुळीत सायलेन्सरवर फिरायचा. एका वळणावर दुधाच्या ट्रकवाल्याला तो ऐकूच आला नाही. तेव्हापासून नवरा, ड्वेन, घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

सायलेन्सरच्या दुकानामागच्या आवारात म्हाताऱ्या दुकानदार ऑर्विलनं तीन गाड्या ओळीनं उभ्या केल्या होत्या. तिन्हींना वेगवेगळे सायलेन्सर होते.

"पाठ कर पोरी, आणि डोळे मीट," तो म्हणाला. "चकाकी बघितली की कान फितूर होतात."

ड्वेनला ऑर्विलजवळ सोडून मार्लिस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहिला आवाज पत्रा फाडल्यासारखा कर्कश होता. दुसरा नुसताच घुमला. तिसरा बरा वाटला, भरदार. मग चौथा सुरू झाला. तो इतका खोल होता की आधी दातांत जाणवला, मग कानांत. तिला एकदम हायसं वाटलं, आपलं माणूस दारात आल्यावर वाटतं तसं.

"हाच. हा चौथा."

ती वळली.

"मी तीनच गाड्या सुरू केल्या," ऑर्विल म्हणाला. हातातला फडका तो उगाच चुरगळत होता. "तिसरी बंद करून आम्ही केव्हाचे गप्प उभे आहोत."

"अगं, डोक्यात घुमला असेल," ड्वेन हसला. "बायकोला आवाज आवडला, हेच खूप झालं. ऑर्विल, तिसरा बसव."

पहिल्या संध्याकाळी डोंगरापलीकडून तिसऱ्याचा आवाज आला आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याच्या मागून, खूप लांबून, आणखी एक आवाज आला. तो तिनं लगेच ओळखला: चौथा. दुसऱ्या संध्याकाळी तो आणखी जवळ होता.

"तुझ्या मागे कोण होतं रे?" तिनं विचारलं.

"कुत्रंसुद्धा नव्हतं." ड्वेन बूट काढता काढता थांबला. "पण माझा डावा हात आपोआप खाली गेला. समोरून दुसरा गाडीवाला आला की सलामीला दाखवतो ना, तसा. आणि समोर कुणीच नव्हतं."

"तो सायलेन्सर काढून टाक."

"नवाकोरा? तुलाच मोठा आवाज हवा होता ना, बाई!" पण तिचा चेहरा बघून तो वरमला. "बरं. शनिवारी नेतो ऑर्विलकडे."

शुक्रवारी जुलैतला उकाडा होता. खिडकी उघडी टाकून मार्लिस बटाटे सोलत होती. डोंगरावरून दोन्ही आवाज एकदमच उतरले. मागेपुढे नव्हते, अगदी शेजारी शेजारी होते. तिच्या हातातली सुरी थांबली.

घराच्या फाट्याशी एक आवाज मंदावला. एक सरळ पुढे गेला.

सरळ गेला तो तिसरा होता, ड्वेनचा.

"ड्वेन!" ती खिडकीतून ओरडली. तिसरा आवाज थांबला नाही.

अंगणातली खडी करकरली. इंजिन बंद झालं. बुटांचा आवाज पायऱ्या चढला, पुढचं जाळीचं दार आपटलं.

"मार्लिस, जेवायला काय केलंयस गं?"

आवाज ड्वेनचाच होता. तिला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पुढे आली.

गाडी ड्वेनचीच होती, नेहमीच्या जागी उभी होती. इतक्या लांबून आल्यावर सायलेन्सरला बोट लागलं तर कातडी सोलून निघते. तिनं हात जवळ नेला. ऊब लागेना. मग तिनं आख्खा तळवाच टेकवला.

धातू बर्फासारखा गार होता.

लांब, हमरस्त्यावर, तिसरा आवाज बारीक होत चालला होता.

"अगं, आत ये आणि दार लावून घे," घरातून ड्वेन म्हणाला. "फार थंडी वाजतेय मला."