हजर माणसे : दोन

दिवा जरा अलीकडे ओढा, म्हणजे ही वही नीट दिसेल. हिरव्या पुठ्ठ्याची आहे, कोपरे पार झिजलेत. उघडून बघितलीत तर भुताखेताचं काही सापडणार नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, तापमान आणि शेवटचा रकाना, 'हजर माणसे'. बाहेरच्यांना तो रकाना बघून हसू येतं. आमच्या कामात मात्र तो चुकला तर सगळंच चुकतं.

डोंगरमाथ्यावरच्या आमच्या केंद्रात हवा मोजतात. तीस मीटर उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाशी नळीचं तोंड, आणि ती नळी खाली खोलीतल्या यंत्रात आलेली. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते यंत्र मोजतं आणि पडद्यावर रेघ ओढत बसतं. जवळपास माणूस असला की रेघ उसळते, कारण आपल्या सोडलेल्या श्वासात तो वायू साध्या हवेच्या शंभरपट असतो. म्हणून खांबापाशी कितीजण होते ते वहीत लिहायचं. ऑफिसात मग तितक्या माणसांचे उंचवटे वजा करतात, आणि उरते ती खरी हवा.

चाळीस वर्षं ती रेघ एक दिवसही तुटलेली नाही. त्यातली एकतीस वर्षं माझ्या काकांनी सांभाळली. सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. मला या कामात ओढलं ते त्यांनीच. पहिल्याच दिवशी हातात काचेची बाटली देऊन म्हणाले होते, "चिमे, नमुना घेताना श्वास रोखायचा. तू तिथे नाहीसच, असं हवेला वाटलं पाहिजे."

महिन्यातले पंचवीस दिवस ते वर एकटे राहायचे. तरी वहीत रोज शेवटच्या रकान्यात लिहायचे, दोन.

घरी यावरून थट्टेला ऊत यायचा. काकू ताट वाढता वाढता म्हणायची, "एकदा वर येऊन बघणारच आहे मी, ही दुसरी कोण ती! मला खाली भांडी घासायला ठेवलंय आणि तिला नेलंय हवा खायला." काका नुसते हसायचे आणि जेवत राहायचे. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "हाताला सवय लागली गं." ऑफिसातल्यांचं मत सरळ होतं, एकटं राहून म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला झालाय. आकडे जुळत होते, म्हणून कोणी वाटेला गेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीचं दुखणं होतं. तीन दिवस मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होते. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं, नुसता श्वास ऐकू यायचा. चार आखूड, एक लांब, मग जरा खंड. पुन्हा चार आखूड, एक लांब. मोजायची सवय वाईट, ती तिथेही सुटली नाही. बोलत होते तेव्हा मात्र माझं मनगट घट्ट धरून एवढंच म्हणाले होते, "रेघ तुटू देऊ नकोस." मी शब्द दिला होता.

त्यांच्या जागी वर राहायला कोणी तयार होईना. मग ठरलं, यंत्र आपलं आपण चालेल आणि मी महिन्यातून एकदा जाऊन बघून येईन. मधल्या दिवसांची वही मी खाली बसून भरायचे, आणि अगदी प्रामाणिकपणे भरायचे. कोणी नसेल तिथे शून्य, मी गेले असेन तिथे एक. काकांची जुनी खोड मी पुढे चालवली नाही.

दोन महिन्यांत डेटा विभागाच्या बाईंचा फोन आला. बाई कामात कडक, पण मनाने वाईट नाहीत.

"अहो, खोलीला कुलूप, खांबापाशी चिटपाखरू नाही, आणि रेघेवर रात्रंदिवस उंचवटे! नळी गळतेय कुठेतरी. या खेपेला शोधाच. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ते केंद्र बंद होणार. माझ्या हातात काही उरणार नाही."

"शोधते," मी म्हटलं.

पायथ्याशी जीप सोडून मी चढायला लागले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. निम्म्या वाटेवर धुकं लागलं. असं धुकं की स्वतःचे बूट दिसेनात. वारा अजिबात नव्हता. कुलूप उघडून आत गेले. तापलेल्या धुळीचा आणि ओल्या लाकडाचा तो ओळखीचा वास. काकांची खाट, पायथ्याशी घडी केलेलं ब्लँकेट, खिळ्याला अडकवलेली लोकरी टोपी. कोपऱ्यात पंप घुर्र घुर्र करत होता. पडद्यावर रेघ, आणि तिच्यावर बाई म्हणाल्या तसे उंचवटे.

गळती शोधायची आमची रीत साधी आहे. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीच्या एकेका सांध्यावर हळू सोडायचा. सांधा गळका असला की तो श्वास आत ओढला जातो आणि रेघ टणकन उडते. अकरा सांधे होते. गुडघ्यांवर रांगत मी अकराच्या अकरांवर फुंकर घातली. रेघ एकदाही उडाली नाही. नळी ठणठणीत होती, आणि जे येत होतं ते वरून, खांबाच्या टोकाकडून येत होतं.

मी खाटेवर टेकले. तोवर त्या उंचवट्यांकडे मी बिघाड म्हणूनच बघत होते. आता पहिल्यांदा नुसतं बघितलं.

चार लहान, एक मोठा, मग सपाट. चार लहान, एक मोठा…

"काका…?"

पंप घुर्र घुर्र करत राहिला.

खरं तर तिथूनच परत फिरायचं होतं. पण टोकाचं तोंड तपासल्याशिवाय अहवालावर सही कशी करणार? आणि शब्दही दिलेला. पट्टा बांधला, आकडा अडकवला आणि शिडी चढायला लागले. गजांवर दव साचलं होतं, हातमोजे भिजून गेले. वीस मीटरवर गेले असेन, आणि धुकं एकदम संपलं. डोकं बाहेर आलं ते लख्ख उन्हात. खाली चारी दिशांना, नजर पोचेल तिथवर, पांढरंशुभ्र धुकं पसरलेलं. ना डोंगर, ना वाट, ना खोलीचं छप्पर. मी, तो खांब आणि आभाळ. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

टोकाशी पोचून हातमोजा काढला. नळी हवा आत ओढते, तेव्हा तोंडाशी हात धरला की गार ओढ लागायला हवी. मी तळवा धरला.

ऊबदार… ओलसर… तळव्यावर कोणीतरी श्वास सोडत होतं. चार आखूड. एक लांब.

भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी मला नुसतं भरून आलं. हात मी काढून घेतला नाही. "काका, मी आलेय," एवढंच म्हणाले आणि त्या उन्हात, त्या उंचीवर, लहान पोरीसारखी रडले.

डोळे पुसून खाली बघितलं, तर धुकं वर येत होतं.

लाट वगैरे नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळंच्या सगळं धुकं एकदम, सावकाश वर येत होतं. माझ्या बुटांपर्यंत आलं, थांबलं. मग तितक्याच सावकाश खाली गेलं. मी मोजलं. वर यायला चाळीस, खाली जायला चाळीस. पुन्हा वर. गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तसं. फक्त त्या छातीला कुठे कड नव्हती. खांब हातात धरून मी बघत राहिले. माझी सगळी यंत्रं, बाटल्या, वह्या त्या अंगावर बसलेल्या एखाद्या माशीएवढ्याही नव्हत्या.

दोन. एकतीस वर्षं रोज ते लिहीत होते, एक स्वतः आणि एक हे. मीच तिथे शून्य लिहीत बसले होते. काका गेल्यावरही आकडा तोच राहिला होता.

खाली कशी उतरले ते आठवत नाही. पण नमुना घ्यायचा राहिला होता, आणि कितीही झालं तरी काम ते काम. आतली हवा काढून घेतलेली बाटली घेऊन मी खोलीपासून शंभर पावलं दूर गेले, श्वास रोखला, झडप उघडली. हिस्स… हवा आत शिरली. चाळीसपर्यंत मोजून झडप बंद केली, आणखी दहा पावलं मागे येऊन श्वास सोडला.

परत येऊन पडदा बघितला. ते चाळीस सेकंद रेघेवर एकही लहान उंचवटा नव्हता. काकांनी माझ्याबरोबर श्वास रोखला होता. मी झडप बंद केल्यावर ते पुन्हा सुरू झाले, चार लहान, एक मोठा. मात्र त्या सगळ्याच्या खालून रेघ स्वतःच अगदी मंद चढत होती आणि उतरत होती. ती थांबली नव्हती. आजवर आम्ही सगळे तिला हवामान समजत आलो होतो.

मी वही पुढे ओढली. दोन महिन्यांच्या प्रत्येक शून्यावर एक सरळ आडवी रेघ मारली, शेजारी 'दोन' लिहून खाली आद्याक्षरं टाकली. माझ्या आधीच्या खेपेच्या 'एक'चे 'तीन' केले. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं, तीन.

आठवड्याने बाईंचा फोन आला. "काय जादू केलीत हो? दोन माणसं वजा केली आणि रेघ चाळीस वर्षांसारखी चपखल बसली. केंद्र चालू राहतंय. पण वर माणसं राहतात हे आधी सांगायला नको? कोण आहेत?"

"एक जुना राखणदार," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"तो आमच्याही आधीपासून आहे."

त्यांना वाटलं थट्टा करतेय. हसल्या आणि फोन ठेवला.

हे सगळं वसंतातलं. त्यानंतर दर महिन्याला मी वर जात राहिले. गेल्या महिन्यात मात्र पाय मुरगळला आणि जाणं झालं नाही. महिनाभर मी या घराबाहेर पडलेले नाही, काकू साक्षीला आहे. सकाळी बाईंचा पुन्हा फोन. "दोन वजा केले तरी एकाचे उंचवटे उरतात हो. नवीन माणूस ठेवलात का?" रेघ त्यांनी पाठवली आहे, ही बघा. ही खालची मंद चढउतार. हे काकांचे. आणि हे नाजूक, एकमेकांना लागून, मिनिटाला सोळा. माझे मी मोजलेत, तेवढेच. एक तारखेला, माझ्या नमुन्याच्या वेळेला, काकांचे थांबलेत आणि त्यांच्याबरोबर हेही थांबलेत. चाळीस सेकंद.

मी काकूला दाखवलं. म्हटलं आता हसेल, म्हणेल, ही तिसरी कोण? ती हसली नाही. चष्मा लावून तिने कागद बराच वेळ बघितला. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या पाठीवर तळवा टेकवला, श्वास चाललाय का बघतात तसा. बराच वेळ ठेवला. नंतर हात काढून घेतला आणि पदरात धरून बसली.

"तीन लिही," म्हणाली. "त्यांची रेघ तुटायला नको."

लिहिलंय मी. शाई ओली आहे, बोट लावू नका. काकूच्या हाताला काय लागलं, की काहीच लागलं नाही, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.