उंदरावरून माणसाचा अंदाज

“हलू नका हं... तो तुमच्या चपलेपाशी आहे.”

टेबलाखालून पुरुषाचा आवाज! तिने दचकून वाकून पाहिलं. प्रयोगशाळेतला नवा जनावरांचा डॉक्टर फरशीवर पालथा पडला होता. त्याच्या ओंजळीत नुकताच पकडलेला एक पांढरा उंदीर.

“घाबरलाय बिचारा.”

“कोण, तो की तुम्ही?”

“आत्ता... दोघंही.”

तिचं काम आकड्यांचं. एखाद्या रसायनाच्या किती मात्रेपर्यंत उंदरांना काही होत नाही, ते बघायचं. माणूस म्हणजे काही मोठा उंदीर नव्हे, म्हणून तो आकडा दहाने भागायचा. माणसामाणसांतही फरक, म्हणून पुन्हा दहाने; येईल ती माणसाला सुरक्षित मात्रा. या वेळी लहान मुलांच्या खोल्यांना लावायचा रंग होता. अहवालावर फक्त तिची सही उरली होती.

डॉक्टर हल्ली निमित्त काढकाढून तिच्या टेबलाशी यायचा. त्या दिवशी मात्र तो हसला नाही.

“ज्या मात्रेवर काही होत नाही म्हणता, त्याच मात्रेवरचे उंदीर मागचा पाय ओढतात. अगदी किंचित... पण ओढतात.”

तिने सही थांबवली. साहेब भडकले, “कोणाच्या सांगण्यावरून?” तिचे कान तापले. खरंच, कशावरून? उंदरांच्या पायांवरून, की त्याच्या डोळ्यांवरून?

फोनवर सगळं ऐकून ताई हसली. “अगं, उंदरांशी प्रेमाने वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागेल, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?”

शेवटी तिने त्यालाच सांगून टाकलं. “तुमचं ऐकलं ते पटलं म्हणून, की तुम्ही सांगितलंत म्हणून... मला कळेनासं झालंय.”

त्याने हातातला पिंजरा खाली ठेवला. मग म्हणाला, “मी पलीकडच्या इमारतीत जातो. उंदीर तपासायला दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. माझं म्हणणं त्यांच्या कानावर घालू नका.”

आणि खरंच गेला की!

बाहेरून एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. पिंजऱ्यांसमोर बराच वेळ बसल्या. “पाय ओढताहेत हे. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

साहेबांनी मुकाट्याने रंग माघारी पाठवला. ती तडक पलीकडच्या इमारतीत गेली. तो हात धूत होता.

“तुमचंच बरोबर निघालं.”

“मग चेहरा का असा?”

“तुम्ही तिकडे नव्हतात... तरी माझा गोंधळ तसाच राहिला. उलट वाढलाच.”

साबणाचे हात तसेच धरून तो बघत राहिला. नळ वाहत होता.

“माझाही,” तो हळूच म्हणाला. “चहाला चला ना... दोघं मिळून गोंधळू.”

तिने पुढे होऊन नळ बंद केला.