चौदा रेघा

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरली, तेव्हा आत एक अनोळखी माणूस भिंतीला कान लावून उभा होता.

वरच्या मजल्यावर ड्रिल चाललंय, जरा शांतता शोधत आलो, असं त्याने ओशाळून सांगितलं. तो पार्श्वभूमी रंगवायचा – आभाळ, झाडं, भिंती, उन्हाचे कवडसे. स्टुडिओत त्याचा तो दुसराच दिवस होता. ती ॲनिमेशनपटांच्या गोष्टी लिहायची, आणि चित्रपट रंगवण्याआधी नुसत्या पेन्सिलच्या चित्रांवर जे तात्पुरते आवाज लागतात, तेही तीच द्यायची. त्या दिवशी म्हाताऱ्या नावाड्याचा आवाज ती देणार होती. लंगड्या बदकासाठी माणूस मिळत नव्हता.

"तुम्हाला बदक येतं?" तिने विचारलं.

"काढता येतं."

"काढायचं नाहीये. बोलायचंय."

त्याने घसा खाकरला, डोळे मिटले आणि मन लावून बदक केलं. ते बदक कमी आणि सर्दी झालेला कारकून जास्त वाटत होतं. ती इतकी हसली, की पहिले तीन प्रयत्न फुकट गेले.

महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. स्टुडिओत तिला सगळे गोष्टवाली म्हणत, त्याला रंगारी. तो रोज सकाळी तिच्या टेबलावर बोटभर रंगाची एक चिठ्ठी ठेवायचा – आज तू अशी दिसतेयस. कधी हळदी, कधी राखी. ती म्हणायची, हा काय रंग आहे, आजारी माणसाचा? तो म्हणायचा, आरशात बघ, मग बोल... ती आरशात बघायची नाही. चिठ्ठी मात्र टाकायचीही नाही.

सात महिने असे गेले. मग पाणीवाली आली.

दुसऱ्या स्टुडिओतून ती सहा आठवड्यांसाठी मागवली होती. पाणी रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने तळ्यावरची पहाट केली – अडीच मिनिटं धुकं, लाटा, पाण्यावरून सरकणारा उजेड, एक शब्द नाही. बघणाऱ्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. रंगारी तर सकाळपासून तिच्याच खोलीत बसू लागला. रंगाच्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

कुणाला पाण्यात पाहणं म्हणजे नेमकं काय, ते गोष्टवालीला त्या आठवड्यात कळलं.

घरी तिने थोरल्या बहिणीला समजावून सांगितलं, की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. चित्रपट लांबलाय. एक तर तळं कापायचं, नाही तर भांडण. भांडण म्हणजे तिचा प्रसंग – सगळे पक्षी उडून चाललेत, आणि नावाडी बदकाला हाकलतो. उद्यापासून तुला खायला देणार नाही, म्हणतो; साफ खोटं बोलतो, कारण बदक थांबलं तर थंडीत मरेल. चित्र कितीही देखणं असलं तरी दोन मिनिटांत डोळ्यांना त्याची सवय होते. पुढे काय होणार, याची मात्र सवय होत नाही. गोष्ट नसेल तर पोरं मान वळवून विचारतात, कधी संपणार?

ताई कपडे घडी करत ऐकत होती. "तत्त्वाला इतकं रडू येतं का गं?" ती म्हणाली.

त्यात आणखी एक भर पडली. पाणीवालीने रंगाऱ्याला वर्षभरासाठी आपल्या स्टुडिओत बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याने होकार किंवा नकार कळवायचा होता. हे त्याने गोष्टवालीला जिन्यात, चालता चालता सांगितलं, आणि तिने 'छान' म्हटलं.

बुधवारी अकरा वाजता चाचणी झाली. या स्टुडिओची चाचणीची रीत जगावेगळी होती. पहिलीतली वीस मुलं दोन रांगांत बसवायची, प्रत्येक मुलामागे स्टुडिओचा एक माणूस. माणसाने पडद्याकडे बघायचं नाही, फक्त आपल्या मुलाचं डोकं बघायचं. डोकं पडद्यावरून हललं, की कागदावर एक रेघ. शेवटी प्रसंगवार रेघा मोजायच्या. दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा समीक्षकांवर विश्वास नव्हता, रेघांवर होता.

गोष्टवाली मागच्या रांगेत होती. रंगारी पुढच्या रांगेत, तिरकस समोर. त्याच्या डावीकडे तीन खुर्च्या सोडून पाणीवाली. तळं सुरू झालं, पडद्याचा निळसर उजेड सगळ्यांच्या केसांवर पडला, आणि रंगाऱ्याची मान डावीकडे वळली.

तिच्या पेन्सिलीने रेघ ओढली.

मान सरळ झाली, पुन्हा वळली. पुन्हा रेघ. अडीच मिनिटांत तिने समोरच्या मुलीकडे एकदाही पाहिलं नाही. दिवे लागले तेव्हा तिच्या कागदावर तळ्याच्या रकान्यात चौदा रेघा होत्या. ती भानावर येईपर्यंत मास्तरांनी कागद गोळा केले होते.

एक वाजता निकाल लागला. तळ्याला एकेचाळीस रेघा, भांडणाला तेहतीस. मास्तरांनी तळ्यावर फुली मारली. पाणीवालीने कागद घेतला, एकदा वाचला आणि घडी करून परत दिला. गोष्टवाली जिंकली होती. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती वजाबाकी करत बसली. एकेचाळिसातून चौदा गेले तर सत्तावीस, हे पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं.

रात्रभर तिने स्वतःशी वकिली केली. कागद खोटा म्हणावा, तर भांडण जाणार. आणि कागद खोटा का, हे सांगावं तर... ते सांगण्यापेक्षा भांडण गेलेलं परवडलं असतं.

गुरुवारी दहाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, की माझा कागद धरू नका. तो मुलीचा नाही.

"मग कुणाचा?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

तिने सगळ्यांचे संवाद लिहिले होते – नावाड्याचे, बदकाचे, चार कावळ्यांचे. आपला एक सापडायला तिला बराच वेळ लागला.

"रंगाऱ्याचा," ती म्हणाली. "तो पाणीवालीकडे बघेल तेव्हा रेघ पडत होती."

पाणीवालीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसू दाबायला पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

"चौदा वेळा?" रंगाऱ्याने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"सोळा. दोन मला नीट दिसल्या नाहीत... त्या सोडून दिल्या."

मास्तर म्हणाले, कारण काही असो, हिशेब हिशेब आहे. चौदा वजा, म्हणजे तळं राहील, भांडण जाईल. तेव्हा पाणीवालीने पेला खाली ठेवला. माझ्यापुढच्या मुलाने भांडणात पाच वेळा मान वळवली, ती म्हणाली, आणि पाची वेळा शेजारणीच्या कानात सांगितलं, म्हातारा खोटं बोलतोय, त्याला रडू येतंय. तळ्याच्या वेळी तो हलला नाही हे खरं. त्याने दोनदा जांभई दिली. जांभईला तुमच्या कागदावर रकाना नाही.

"पाणी चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण ते कुणाची वाट बघत नाहीये. चाळीस सेकंद ठेवा, आणि भांडणानंतर लावा. बदक गेल्यावर. मग बघतील पोरं."

मास्तरांनी मान डोलावली. प्रसंग वाचला. गोष्टवालीचा मात्र आणखीच तिळपापड झाला. जिचा मनापासून राग करायचा, तिने असं चांगलं वागावं यासारखा छळ नाही. हात असा, आणि वर समजही.

बाराच्या सुमारास रंगाऱ्याने तिला जिन्यात गाठलं.

"मी बघत होतो हे खरं आहे," तो म्हणाला.

"मी काही विचारलंय का?"

"अख्ख्या स्टुडिओसमोर विचारलंस." तो दोन पायऱ्या खाली उतरला, म्हणजे तिच्या बरोबरीने आला. "हेवा वाटतो मला तिचा. नऊ वर्षं रंगवतोय मी, असं पाणी एकदाही जमलं नाही. पोरं तळं बघत असताना तिच्या चेहऱ्यावर काय येतं, ते मला बघायचं होतं. काहीच येत नव्हतं... म्हणून पुन्हा पुन्हा बघत होतो. प्रेमात पडलेला माणूस असा बघतो का?"

"मला काय माहीत. मला तुझ्या डोक्याची मागची बाजूच दिसत होती."

तो हसला. ती हसली नाही, पण कठड्यावरचा हात तिने काढून घेतला नाही, आणि त्याचा हात तिथून चार बोटांवर होता.

मग ती म्हणाली, की वर्षभर तिच्याजवळ राहिलास तर पाणी शिकशील. हे बोलताना आपण नावाड्यासारखं काही करतोय का, असं तिच्या मनात आलं. पण नावाडी खोटं बोलत होता, आणि हे खरं होतं. तेच जास्त झोंबत होतं.

"तू नको म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हण, मी नाही जाणार."

"नाही म्हणणार. उद्या जन्मभर पाणी दिसलं की माझी आठवण काढशील, आणि ती चांगली नसेल." ती थांबली. "मला तू इथे हवा आहेस. एवढं सांगते. नको म्हणणार नाही."

तो काही बोलायच्या आत वरून कुणीतरी त्याला हाक मारली.

शुक्रवारी दिवसभर तो दिसला नाही. पाणीवाली गोष्टवालीच्याच टेबलाशी चाळीस सेकंद मोजत बसली होती. दोघी कामापुरतं बोलल्या, एकदा कामाबाहेरचंही. साडेपाचला पाणीवाली सामान आवरायला गेली. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी रंगारी आला, खुर्ची ओढली आणि पेन्सिलच्या चित्रांवर बोट ठेवलं.

"इथे पुढे काय होतं?"

"इथे माणूस स्वतः बोलतो," ती म्हणाली. "लिहिणारीने मदत करायची नसते."

त्याने मान हलवली. तिने काम पुढे चालू ठेवलं – म्हणजे एकच ओळ चार वेळा खोडली. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. पलीकडच्या खोलीत पाणीवाली सुटकेसची चेन लावत होती, ते ऐकू येत होतं.

सहाला पाच कमी होते, तेव्हा तो अजून तिच्याच टेबलाशी होता. होकार कळवला नव्हता, नकारही नाही. उठलाही नव्हता.