खरवसाचा मान

डांगरवाडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डबा आला, की झाकण उघडायच्या आतच परिचर काशिनाथ ओरडायचा, "खरवस, मॅडम! वेलची घातलेला!" अडलेली म्हैस सुखरूप व्याली, की तिच्या चिकाचा पहिला खरवस सोडवणाऱ्या डॉक्टरला द्यायचा, ही तिथली रीत. आणि तो मान वर्षानुवर्षं डॉ. हेमलता बिरादारांचा.

मग खात्याने स्पर्शमोजे आणले. कोपरापर्यंतचा, कातडीसारखा पातळ मोजा. गाभण जनावर तपासणाऱ्या हाताचा दाब, वळण, थांबणं, सगळं तो टिपून ठेवी. दुसऱ्या डॉक्टरने आपला मोजा चढवला, की पहिल्याचा हात त्याच्या हाताला वाट दाखवी. मूळ डॉक्टरने फक्त फोनच्या पडद्यावर अंगठा टेकवून नोंद खुली करायची, की बढतीचे गुण जमा! झालं! गुणांसाठी लोकांनी काय काय खुलं केलं म्हणता? कोंबडी उचलणे. शेळीच्या पाठीवरून हात फिरवणे. एका बहाद्दराने तर गोठ्याची कडी काढण्याचा स्पर्श दिला. खरी विद्या मात्र जो तो मुठीत धरून बसला. हेमलताबाईसुद्धा. हातच वाटून टाकला तर उद्या आपल्याला कोण विचारणार, ही भीती त्यांना आतून खात होती.

एका दुपारी घाटापलीकडच्या दवाखान्यातून नवख्या डॉ. इरफान तांबोळीचा फोन आला. "मॅडम, सुभद्राबाईंची म्हैस अडलीय. रेडकाची मान मागे वळलीय, तोंड हाताला लागत नाही. घाटात दरड कोसळलीय, तुम्हाला येता यायचं नाही. तुमची नोंद मिळाली असती तर..."

मागून बाईचा हंबरडा ऐकू आला, "डाक्टरीनबाई, माझी चंद्री जातीया ओ!"

"मान गेला खड्ड्यात!" म्हणत हेमलताबाईंनी अंगठा टेकवला.

"मॅडम, हात आपोआप खाली चाललाय!"

"जाऊ दे. कळ आली की थांब. ओसरली की रेडकू मागे ढकल, मग जबडा धरून मान फिरव. घाई नको रे बाळा."

बराच वेळ नुसती इरफानची धाप ऐकू येत होती. मग एक इवलीशी शिंक आली. "शिंकली, मॅडम! रेडी आहे, रेडी!" इकडे काशिनाथ टेबल बडवू लागला आणि हेमलताबाई हसता हसता डोळे पुसत राहिल्या.

घाट मोकळा होताच पहिल्या एसटीने डबा आला. मागोमाग सुभद्राबाईंचा फोन. "इरफान डाक्टर म्हनले, हात तुमचा व्हता. मग मान बी तुमचाच."

हेमलताबाईंनी अर्धा खरवस त्याच एसटीने इरफानला धाडला. ही बातमी जिल्हाभर पसरली आणि एकेकाची मूठ सैल झाली. दडवलेले स्पर्श खुले झाले, डबे एसटीतून इकडून तिकडे फिरू लागले. वरच्या कचेरीतून विचारणा झाली, "हे कोणत्या प्रोत्साहनामुळे घडलं?" फोनवर काशिनाथ होता, आणि तोंडात घास. "वेलचीच्या, साहेब."

पुढे एकदा शेजारच्याच गोठ्यात हेमलताबाई अडलेली म्हैस सोडवत होत्या. मोज्यातलं मनगट अचानक एका वेगळ्याच, सोप्या वळणाने फिरलं आणि रेडकू अलगद बाहेर आलं. ते वळण त्यांचं नव्हतं. इरफानला विचारलं, तर त्याचंही नव्हतं. मोज्यात सगळ्यांचे हात मिसळून काहीतरी नवंच तयार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. काशिनाथ सुरी घेऊन हजर. "मॅडम, मान कुणाचा?"

हेमलताबाई आपल्या हाताकडे पोरीसारख्या नवलाने पाहत हसल्या. "अरे, तेच तर! हे मला शिकवलं कुणी?"