बावीस बोल्ट, बावीस नट आणि चंद्रावरचा एक दगड

‘लुक’ म्हणजे पाहणे. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. मग ‘लुक आफ्टर द लॅम्प’ म्हणजे काय?

“दिव्याचं नंतर पाहू,” पद्मजानं ठासून सांगितलं.

“वा! थेट सरकारी कचेरीत चिकटवतील तुला,” अण्णा म्हणाले. “अगं, त्याचा अर्थ दिव्याची काळजी घे.”

“पण यात काळजी आहे कुठे?”

कोडं खरंच होतं. सन २०५८मधली ही दुपार. कुंभोजच्या टेकडीवर अण्णा चौगुल्यांची कार्यशाळा होती. उपग्रहांशी बोलणाऱ्या तबकड्या (आकाशातले संदेश पकडणाऱ्या मोठ्या थाळ्या) बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची नात पद्मजा अकरा वर्षांची. तिला मोजदादीचं भारी वेड. तिच्या टिपणवहीत आजची नोंद अशी होती: ‘अण्णांनी चष्मा शोधला, चार वेळा. तो डोक्यावर सापडला, चार वेळा.’

आज चार वाजता चंद्रावरच्या तळावरचा रोव्हर (चाकांवर फिरणारं, हात असलेलं यंत्र) पाच मिनिटांसाठी तिच्या हुकमात येणार होता. तो तोंडी हुकूम ऐके, पण फक्त इंग्रजीत. एक पांढरा दगड उचलायचा आणि पेटीत ठेवायचा, एवढंच काम. तो दगड मग चंद्रावरच्या संग्रहात पद्मजाच्या नावानं राहणार! मात्र दहा सेकंद गप्प राहिलं, की पाळी पुढच्या मुलाची.

पद्मजा कच्च्या गुरूची चेली नव्हती. लाल वहीत तिनं एकशे ऐंशी क्रियापदं (काय घडलं ते सांगणारे शब्द) लिहिली होती. निळ्या वहीत अप, ऑफ, आउट, आफ्टर असे चिल्लर शब्द. दोन्ही वह्या तोंडपाठ. वेळ उरला म्हणून तिनं अण्णांचं टेबलही आवरलं.

“अण्णा, मी सगळं नीट लावून ठेवलंय!”

अण्णांनी पाचव्यांदा चष्मा शोधला, टेबलाकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले.

“पद्मे, काय करून बसलीस हे!”

तबकडीचे पाय रंगवायला काल सुटे केले होते. प्रत्येक बोल्टावर त्याचा नट आणि मधे वायसर (पातळ चकती) चढवून अण्णांनी बावीस जोड्या वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या. पद्मजानं बोल्ट भरले श्रीखंडाच्या डब्यात, नट बिस्किटांच्या आणि वायसरं कपात. तिच्या मते हे फारच टापटीप झालं होतं.

“सगळे सारखेच तर दिसतात,” ती पुटपुटली.

“सात देशांच्या जुन्या यंत्रांमधले आहेत. प्रत्येक देशाचे आटे (बोल्टावरच्या चकरदार खाचा) वेगळे. भलता नट चढायचाच नाही. आणि चंद्राकडे तोंड करणारी तबकडी गावात ही एकच!”

पद्मजानं घड्याळ पाहिलं. पावणेदोन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडायला पाच मिनिटं जातील,” अण्णा म्हणाले. “तेवढ्यात दोन जोड्या लागतील. बस.”

दोघं नट फिरवून बघू लागले. पहिला अडला, दुसरा अडला, तिसरा सरसर चढला. हात चालू लागले तसं अण्णांचं तोंडही चालू लागलं.

“तुझ्या लाल-निळ्या वह्या आणि हे डबे, दोन्हीकडे एकच घोटाळा आहे बघ. ‘लुक’ एका डब्यात, ‘आफ्टर’ दुसऱ्यात. इंग्रजीत हे शब्द जोडीनं काम करतात, आणि जोडीचा अर्थ दोघांची बेरीज असतोच असं नाही.”

“हा कसला विचित्रपणा!”

“मघाशी मी म्हणालो, ‘काय करून बसलीस.’ तू बसली होतीस का?”

“छे, उभी होते.”

“आई म्हणते, ‘भाजी खाऊन टाक.’ तू टाकतेस?”

“कधीकधी.”

“ते वेगळं! तिला म्हणायचं असतं, पुरती संपव. इंग्रज आई म्हणते ‘ईट अप’. तिथं ‘अप’ म्हणजे वर नाही, तो आपल्या ‘टाक’चं काम करतो.”

पद्मजाचा हात थांबला. “म्हणजे आपणही हेच करतो? आणि मला पत्ताच नाही?”

“आपली जोडी आपल्याला दिसत नाही. माझा चष्मा मला दिसतो का?”

एक नट एकाच देशाच्या तीन बोल्टांवर बसला. पद्मजा ओरडली, “हा तर तुमचा ‘अप’! ‘पिक अप’ म्हणजे उचल, ‘ईट अप’ म्हणजे संपव...”

“आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोड. बोल्ट बदलला, काम बदललं. नेमकं काम कळतं ते वाक्यात. कोण, कुणाला, केव्हा म्हणतंय ते बघायचं.”

“आणि ही वायसरं?”

“‘इट’, ‘देम’ असले शब्द. ‘पिक अप द स्टोन’ चालतं, ‘पिक द स्टोन अप’ही चालतं. पण ‘इट’ मात्र मधेच बसतो: ‘पिक इट अप’. काही जोड्या मात्र ‘लुक आफ्टर’सारख्या एकजीव झालेल्या. त्यांच्यामधे काही शिरत नाही, म्हणून ‘लुक आफ्टर इट’.”

चाराला सात मिनिटं असताना तबकडी पायांवर उभी राहिली.

पडद्यावर करडी जमीन उजळली. कोपऱ्यात तळावरच्या नोम्सा बाईंचा हसरा चेहरा. त्यांचा शब्द यायला सव्वा सेकंद लागे, पद्मजाचा जायला सव्वा.

“टर्न ऑन द लॅम्प,” पद्मजा म्हणाली. दिवा लागला. पुढच्या हुकमासरशी रोव्हर दगडाजवळ गेला आणि थांबला. नोम्सा बाई म्हणाल्या, “कॅरी ऑन!”

ही जोडी पाठांतरात नव्हती. कॅरी, वाहून नेणे. ऑन, वर. काय न्यायचं? कशावर? एक, दोन, तीन सेकंद. पद्मजानं दोन्ही वह्या मनातल्या मनात मिटल्या आणि बाईंकडे पाहिलं. त्या मान डोलावत होत्या, हात पुढे करत होत्या. म्हणजे... चालू दे!

मागून अण्णांना राहवेना. “घेऊन टाक, पद्मे!”

“पिक इट अप!” पद्मजा ओरडली.

अडीच सेकंद काहीच हललं नाही. मग यंत्राचा हात वाकला, आणि पांढरा दगड अलगद वर आला.

“पुट इट डाउन इन द बॉक्स!”

दगड पेटीत बसला. झाकणावर अक्षरं उमटली: पद्मजा, कुंभोज.

तळावरच्या टाळ्या थांबल्यावर नोम्सा बाईंनी इंग्रजीत विचारलं, “मागचे आजोबा काय ओरडले? मला तुमची भाषा शिकायची आहे.” पद्मजानं ते दोन शब्द सावकाश सांगितले, आणि कागद-पेन्सिल घेऊन बाईंनी एका ओळीत लिहिलं ‘घेऊन’ आणि खालच्या ओळीत ‘टाक’.

“नो, नो!” पद्मजा पडद्याला जवळजवळ चिकटलीच. “वेगवेगळं नाही, जोडीनं लिहा!”

सव्वा सेकंदानं चंद्रावर हशा पिकला. अण्णा चष्मा शोधत होते, सहाव्यांदा. पद्मजानं तो त्यांच्या डोक्यावरून काढला, नाकावर चढवला आणि एक नवी वही उघडली. पहिल्याच पानावर तिनं दोन जोड्या शेजारीशेजारी लिहिल्या: पिक अप, घेऊन टाक.