निळ्या पायरीवरचा फोटो

मोरोक्कोतल्या शेफशाऊनमध्ये फोटोसाठी जागा कमी पडतील असं कुणी म्हटलं असतं, तर गिझलानने त्याला वेड्यात काढलं असतं. अख्खं गावच निळं. भिंती निळ्या, जिने निळे, मांजरं झोपतात त्या खिडक्यासुद्धा निळ्या. पण पर्यटकांना फोटोच्या जागा दाखवत हिंडणं हाच तिचा धंदा, आणि वर्षभरात तिच्या सगळ्या जागा उष्ट्या झालेल्या. कुंड्यांच्या जिन्यावर रांग, कमानीखाली रांग. त्यात तिच्याच धंद्यातला तो जवाद परवा चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला की गिझलानचे फोटो म्हणजे शिळा पाव, नुसता गरम करून वाढते. सगळे हसले. तिला लागलं ते. चांगलंच लागलं.

म्हणून मंगळवारी सकाळी ती नवी जागा शोधायला निघाली आणि विणकरांच्या आळीमागे तिला एक बोळ सापडला. पुढे रस्ता बंद. टोकाला खिळे ठोकलेलं जुनं दार, दारापुढे एकच रुंद पायरी, वर चौकोनी आभाळ, आणि दहा वाजताचं ऊन असं तिरकं, मऊ, की बस्स. खोट एकच. बाकी घरांना रमजानच्या आधी ताजा निळा हात दिलेला, आणि या घराचा रंग मात्र पोपडे धरून राखेसारखा झालेला.

दुसरी कुणी असती तर शेजारी चौकशी केली असती. गिझलानने काय केलं, तर चुना आणला, त्यात निळीची पूड कालवली, आणि दुपारभर बसून भिंत, चौकट, पायरी, सगळं रंगवून काढलं. आता इथली रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. भिंत शेजारणीने रंगवली तरी चालते, पण दारातली पायरी ज्या त्या घरच्या बाईनेच रंगवायची. लहानपणापासून ऐकलेलं. पण या बंद पडलेल्या घरात बाईच नाही, मग कुणाचं काय बिघडतंय, असा तिने हिशेब केला.

गुरुवारी ती धाकट्या बहिणीला, सुंदुसला, पोज द्यायला घेऊन आली. सुंदुसचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. टॅक्सी चालवणाऱ्या अन्वरशी तिचा निकाहाचा कागद महिन्यापूर्वीच झाला होता, वाजतगाजत सासरी जाणं तेवढं बाकी. हळदीसारखा पिवळाधमक कफ्तान घालून ती पायरीवर बसली. केस मोकळे, पाय अनवाणी.

दोन दिवसांत चुना खडखडीत वाळायला हवा होता. बोळात मात्र ओल्या चुन्याचा वास भरून राहिला होता, आणि त्याच्या मागून दुसरा एक... कापराचा. गिझलानने कॅमेरा डोळ्याला लावला, तर दाराच्या आतून आवाज आला. सर्रर्र. मग शांत. मग परत सर्रर्र. भिंतीवर चुन्याचा कुंचला फिरवताना येतो, तसा.

"ताई, पायरी गार आहे गं," सुंदुस म्हणाली. "उन्हात असून गार... आतून कुणी पाणी सोडल्यासारखी."

गिझलानने घाईघाईने दहा-बारा फोटो काढले. सुंदुस उठली आणि सरळ घराकडे चालू लागली. एरवी ही पोरगी कॅमेरा हिसकावून आधी स्वतःचे फोटो बघणार.

मग गिझलानने स्क्रीनवर पाहिलं. प्रत्येक फोटोत कफ्तान पांढरा होता.

कॅमेऱ्याचं काहीतरी बिनसलं असणार, तिला वाटलं. पण निळा रंग बरोबर होता. दाराचा तपकिरी बरोबर होता. तिने फोटो मोठा केला. सुंदुसच्या डोक्याला पांढरं फडकं गच्च बांधलेलं होतं. पायांत पांढरे मोजे होते.

डोक्यापासून मोज्यांपर्यंत पांढऱ्यात इथे एकच बाई बसते. जिचा नवरा गेला ती. चार महिने दहा दिवस.

तेवढ्यात शेजारची म्हातारी रहीमो, जिला सगळे मानाने लल्ला म्हणत, आळीतल्या भट्टीवरून भाजलेल्या पावांची फळी घेऊन आली. पायरी बघून जागच्या जागी थांबली.

"ही कुणी रंगवली?"

"मी, लल्ला. फोटोसाठी..."

म्हातारीने फळी खाली ठेवली. ओरडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. हळू आवाजात तिने सांगितलं ते असं: या घरात बतूल नावाची बाई राहायची. नवरा गेल्यावर ती पांढऱ्यात बसली, आणि दोन महिने होतात न होतात तोच स्वतःच गेली. तिचं बसणं अर्धवट राहिलं. त्यानंतर एकदा तिच्या चुलतबहिणीने पायरी रंगवली आणि टेकली तिच्यावर, एकदा एका भाडेकरणीने. दोघींचे नवरे आठवड्याच्या आत मातीत. तेव्हापासून आळीतलं कुणी या दाराला कुंचला लावत नाही.

"पण रंगवली तर मी," गिझलान म्हणाली. "आणि मला नवराच नाहीये."

"तुला नाही गं." म्हातारीने तिच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "जिला बसवलंस... तिला?"

गिझलानने तिथूनच अन्वरला फोन लावला. तो घाटापलीकडे तेतुआनला होता, सवारी सोडून आत्ताच परत निघणार होता.

"काय मेव्हणीबाई," तो हसत म्हणाला, "बहीण माझ्यापेक्षा देखणी आली वाटतं फोटोत?"

ती त्याला काय काय बोलली, तिलाही नीट आठवत नाही. घाटात गाडी घालू नको, तुझ्या भावाकडे राहा, माझी शपथ आहे. तो आधी टिंगल करत होता, मग तिचा आवाज ऐकून वरमला. ब्रेक तसेही सकाळपासून जरा ढिले लागतायत, म्हणाला. दुरुस्त करून घेतो, आज राहतो, उद्या नाश्ता करून निघतो. गिझलान तिथेच भिंतीला टेकली आणि तिने सगळे फोटो पुसून टाकले. एकूण एक.

घरी आई लग्नासाठी बदाम भाजत होती, सगळीकडे खमंग वास. सुंदुस दाराशीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. अंगावर तोच पिवळा कफ्तान. गिझलानचा जीव भांड्यात पडला.

"अन्वर निघाला?" सुंदुसने विचारलं.

"नाही. आज तेतुआनलाच राहतोय. उद्या येईल."

सुंदुस रागावली नाही. का, कशाला, काहीच नाही. बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली, आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणाली,

"बरं. मग मी उद्यापासून बसते."